आजी गेली

सोमवार, ३ ऑक्टोबर

बॉबिन,

मी मेले हे मला परवा दातांच्या डॉक्टरकडे कळलं.

तिथे बाकावर मासिकं पडलेली असतात. मी चित्रं बघते, वाचायच्या भानगडीत पडत नाही. अक्षर लावायला मला वेळ लागतो आणि तोवर नंबर येतो. पण तुझा फोटो दिसला. पानभर. गालाला हात लावून बसली आहेस, जसा काही दात तुझाच दुखतोय. म्हणून वाचायला घेतलं. 'ज्या आजीने हातात सुई दिली, ती माझ्या पहिल्याच सिनेमाच्या वेळी गेली. ते दुःख अजून ओलं आहे.' आणि खाली मासिकवाल्याने स्वतःच्या अकलेने जोडलंय की आजीच्या निधनानंतर खचून न जाता ही फॅशन डिझायनर अभिनेत्री म्हणूनही जोमाने उभी राहिली.

मी एकदा वाचलं. मग अक्षराखाली बोट धरून परत वाचलं. शेजारच्या बाईने विचारलं, "ओळखीचं कोणी वारलं का हो?" म्हटलं, "हो. घरातलीच होती." ती बिचारी हळहळली. तुझ्यापेक्षा जास्त हळहळली असेल.

मग डॉक्टरने माझा दात काढला. मेलेल्या बाईला दुखत नाही असं त्यानेही कुठेतरी वाचलं असावं, कारण भूल अगदी नावाला दिली.

घरी येऊन खालच्या लाँड्रीवाल्याला सांगितलं तर तो इस्त्री बाजूला ठेवून म्हणतो, "आम्हाला केव्हाचं माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत, फक्त मेलेलीला पत्ता नाही.

आता मला थोडं सांग. मी कशाने मेले? फार हाल झाले का? तू जवळ होतीस की शूटिंगला होतीस? आणि माझ्या मशिनचं काय केलंस? कारण ते इथे खिडकीपाशी आहे आणि मी त्यावर आजही एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बदलली.

त्याच मासिकात लिहिलंय की पुढच्या महिन्यात तुझा मोठा शो आहे आणि त्यात सगळ्यात शेवटी 'आजीचा कोट' येणार आहे. तो कोट तू माझ्या खुंटीवरून "एका दिवसापुरता, मापाला" म्हणून नेलास. त्याला आता दुसरा हिवाळा आला. मेलेल्यांना थंडी वाजत नाही हे मला मान्य आहे. मला वाजते.

तेव्हा मासिकवाल्याला सांग मी जिवंत आहे, आणि ते छापून आण. आणि कोट पाठव.

आशीर्वाद लिहीत नाही. मेलेल्या बाईचे लागतात की नाही ते तूच त्यांना विचारून घे.

आजी
(अजून)


११ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न.

तुझं पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं. राग तर पाकिटावरूनच वाचता आला.

झालं ते असं. सिनेमा संपल्यावर बाहेर तो मासिकवाला उभा होता. त्याने विचारलं, "तुमच्या आजी आल्या होत्या ना? त्यांना कसा वाटला?" मी म्हणाले, "आजी गेली." मला म्हणायचं होतं, मध्यंतरात उठून निघून गेली. आणि तू गेलीच होतीस. मी तुला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं. दिवे लागले तर तुझी खुर्ची रिकामी, दुमडलेली. लोकांना दाखवायला मला म्हातारीच्याच मेकअपमध्ये आणलं होतं, तो अजून तोंडावर होता आणि मी रडत होते. अशा वेळी कोणी "आजी गेली" म्हटलं तर ऐकणारा काय समजेल? त्याने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं त्याला उकडत असेल.

पुढच्याच अंकात ते छापून आलं. मी दुरुस्त करणार होते, खरंच करणार होते. पण दारात फुलं आली. निर्मात्याची, दिग्दर्शकाची, ज्यांनी आजवर माझ्या फोनला उत्तर दिलं नव्हतं त्यांची. एकाने लिहिलं होतं की तुमच्या दुःखातून तुमची कला जन्मली आहे. अशा माणसाला फोन करून काय सांगायचं, की आजी घरी बसून चेन बदलते आहे?

आजी, हा शो नेहमीसारखा नाही. मोठमोठ्या शहरांत ज्यांची दुकानं आहेत ती माणसं येणार आहेत आणि ती त्या कोटासाठी येणार आहेत. दुसऱ्या सिनेमाचा दिग्दर्शकही त्याच दिवशी काय ते ठरवणार आहे. मी तुला शब्द देते, शो झाला की सगळं खरं सांगेन. तेवढे दिवस कोणाशी बोलू नकोस. दाराशी कॅमेरेवालं कोणी आलं तर सांग, मी दुरुस्तीवाली आहे. ते काही खोटं नाही.

कोट सध्या देता येणार नाही. त्याचं अस्तर पार विटलं होतं, मी आतून रेशमी घातलंय. खूप सुंदर दिसतंय. तोवर थंडीसाठी माझ्या दुकानातला नवा लोकरी कोट पाठवते आहे. तो घाल.

काळजी घे.

बॉबिन


सोमवार, १७ ऑक्टोबर

बॉबिन,

तुझा नवा कोट आला. बटणं आहेत पण काजं नाहीत. खिसे आहेत पण शिवून बंद केलेत. हात घालायला गेले तर नख मोडलं. मशिनवर धूळ बसू नये म्हणून घातलाय, मशिनला बरा दिसतो.

काळजी घे म्हणतेस. कशाची घेऊ? मेल्यावर अजून काय व्हायचं राहतं?

'आजी गेली' म्हणजे उठून गेली. वा. म्हणजे तुझी आई पण गेली असंच सांगत असशील सगळ्यांना. तुला माझ्या दारात ठेवून ती नोकरीला गेली, ती तिकडचीच झाली, पण वर्षाला एक कार्ड पाठवते. लाँड्रीवाला रोज कपडे घेऊन जातो आणि परत येतो. बोलताना एवढा एक शब्द पुढे घातला असतास तर काय जीभ झिजली असती? 'घरी गेली.' एवढंच. मेलेल्या माणसाला कोणी घरी गेली म्हणत नाही.

मी का उठले ते मात्र तू एकदाही विचारलं नाहीस. या पत्रातही नाही. म्हणून न विचारता सांगते.

अंधार झाला आणि पडद्यावर आधी माझा कोट आला. मग कोटात तू दिसलीस. पाठीला पोक काढलेलं. बराच वेळ मशिनवर बसून उठल्यावर मी जशी एका बाजूला कलून चालते तशी चाललीस. चल, म्हटलं, चालते तर चालते, चालायला कोणाची परवानगी लागते. पण मग तू तोंड उघडलंस. ओठ उजवीकडे ओढलेला, बोलणं निम्म्या तोंडातून, आणि प्रत्येक वाक्य जणू समोरच्याच्या अंगावर थुंकल्यासारखं. लोक हसले. माझ्या मागचा माणूस बायकोला म्हणाला, "हुबेहूब तुझी आई." ती म्हणाली, "नाही, तुमची." आणि दोघं खिदळली. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळी हसताहेत, आणि मी पहिल्या रांगेत मधोमध, तोंडावर रुमाल धरून. माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून.

बॉबिन, माझ्या तोंडात टाचण्या असायच्या. एका हाताने कापड धरायचं, दुसऱ्याने गिऱ्हाइकाचा खांदा सरळ करायचा, मग टाचण्या धरायच्या कुठे? तोंडात. उजव्या बाजूला, म्हणजे डावीकडून बोलता येतं. तू त्या टेबलाखाली वाढलीस. लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करणं हा तुझा खेळ होता. आणि सिनेमात तू टाचण्या काढून टाकल्यास आणि वाकडं तोंड तेवढं ठेवलंस. टाचण्या असत्या तर लोकांना कळलं असतं की बाई कामात आहे. टाचण्यांशिवाय ती नुसतीच खवट म्हातारी. जगाला उगाच तोंड वेंगाडून दाखवणारी.

तर आता ऐक. शोच्या आधी छापून आण की मी जिवंत आहे. नाहीतर मी येते. पहिल्या रांगेत बसेन. तुमच्या शोला मध्यंतर नसतं म्हणे, म्हणजे मी गेले असं सांगायची पण सोय नाही.

आजी


२४ ऑक्टोबर

आजी,

नमस्कार वगैरे या वेळी राहू दे.

टाचण्या म्हणतेस. जेवताना तुझ्या तोंडात टाचण्या होत्या? न्हाऊन केस पुसताना होत्या? मला ताप यायचा तेव्हा तू कपाळावर ओली पट्टी ठेवायचीस. तेव्हा? मी खालून तुझ्याकडे बघत पडलेली असायचे. तोंड तसंच. तू माझ्यावर चिडली आहेस की काळजीत आहेस हे मला कधीच कळलं नाही, कारण दोन्हीला चेहरा एकच होता. शेवटी मी तुझ्या तोंडाची डावी बाजू वाचायला शिकले. उजवी बंदच असायची, तुझ्या त्या नव्या कोटाच्या खिशासारखी.

आणि त्या डाव्या बाजूने एकच शब्द यायचा. 'उसव.' बाहुलीचा झगा दाखवला, उसव. शाळेची पिशवी शिवली, उसव. पहिला शर्ट शिवून आणला, रात्रभर छातीशी धरून झोपले होते मी तो. तू कॉलर उलटी करून बघितलीस आणि म्हणालीस, उसव. मी आज एवढे कपडे करते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि माझ्या कानात पहिल्यांदा तोच शब्द वाजतो.

त्या भूमिकेचं ऐकायचंय? मी त्या सिनेमाचे फक्त कपडे करत होते. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी पोक लावायला नकार दिला आणि त्या निघून गेल्या. (गेल्या म्हणजे गाडीत बसून घरी गेल्या. घाबरू नकोस.) म्हातारी खुर्चीत कशी बसेल ते दिग्दर्शकाला दाखवायला मी तुझा कोट अंगात घातला. आणि आजी, तोंड आपोआप वाकडं झालं. मी केलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, थांब, हलू नकोस. असं मला काम मिळालं. मी अभिनय केला असं लोक म्हणतात. तुझ्या कोटाने केला.

हसले, हो. मध्यंतरापर्यंत त्यांनी हसायचंच होतं, तसं लिहिलं होतं ते. मध्यंतरानंतर एकही माणूस हसत नाही. मुलगी घर सोडायला निघते आणि म्हातारी आरशासमोर बसते. दोन बोटांनी आपला ओठ धरून सरळ करते आणि पुटपुटून बघते, 'चांगलं शिवलंयस.' एकदा. परत एकदा, जरा मोठ्याने. मुलगी दारामागे उभी असते. हा प्रसंग मी मागे लागून घालून घेतला. सगळा सिनेमा मी त्या एका प्रसंगासाठी केला आणि तुला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं तेही त्यासाठीच. आणि तू नव्हतीस.

म्हणून मी मासिकवाल्याला जे बोलले ते चुकून बोलले, पण दुरुस्त करायला मला कधी घाई वाटली नाही. बघ, हे पण खरं सांगून टाकलं.

यायचं तर ये. तुझं नाव दारावर नसेल. मेलेल्यांना आमंत्रणं पाठवत नाहीत.

बॉबिन


बुधवार, २ नोव्हेंबर

बॉबिन,

तुझं पत्र आल्यावर मी डॉक्टरकडे गेले. तुझ्यासाठी नाही, नवा दात बसवायचा होता. तोंड उघडलंच होतं म्हणून विचारून घेतलं. त्याने आत आरसा फिरवला आणि मलाच विचारलं, "आजी, तुम्ही तोंडात काय धरत होता? उजवीकडच्या दातांना खाचा पडल्यात." म्हटलं, टाचण्या. तो म्हणाला, "मग आता ओठ तसाच राहायचा. त्याला सवय झाली."

तू विचारलंस जेवताना टाचण्या होत्या का. नव्हत्या. पण ओठाला ते कोणी सांगितलं नाही. म्हणजे शेवटी टाचण्याच. नसल्या तरी त्याच. माझं म्हणणं खरं ठरलं आणि डॉक्टर शिकलेला आहे, त्याला जाऊन खोटं पाड.

आता तुझी ती मध्यंतरानंतरची बाई. ती कोण? मी आरशासमोर बसून कधी काही म्हणून बघितलंय? माझ्या घरात एकच आरसा आहे, तो गिऱ्हाइकाचा. त्यात मी त्यांची पाठ बघते, त्यांच्या खांद्याची उतरण बघते. स्वतःला बघत बसले असते तर तुझ्या शाळेचे कपडे कोणी शिवले असते? पहिल्या भागात तू माझी अब्रू घेतलीस आणि दुसऱ्या भागात भलतीच बाई आणून तिच्याकडून स्वतःला शाबासकी घेतलीस. बरं झालं मी उठले. बसले असते तर तिथेच उभी राहून सांगितलं असतं, ही आमच्या घरातली नाही.

उसव म्हटलं कारण वाकडं होतं. सरळ असतं तर मी काही बोलले नसते. मी बोलले नाही म्हणजे बरं झालंय, एवढं आपल्या मांजराला पण कळत होतं. तुला ते कळायला पडद्यावर एक बाई बसवून तिचा ओठ धरावा लागला.

त्या शर्टाची कॉलर मला आठवते. एक टोक वर, एक खाली. तुला वाटत असेल मी विसरले.

घाई वाटली नाही म्हणतेस. ठीक. मलाही आता कसली घाई नाही. मी येते. नाव दारावर नको. माझा कोट माझा आहे, त्याच्याकडे जायला मला नाव लागत नाही.

आजी


१२ नोव्हेंबर

आजी,

तू आलीस. मला वाटलं होतं तू धमकी देते आहेस. लहानपणीही वाटायचं आणि तेव्हाही तू कधी नुसती धमकी दिली नाहीस.

दारावरच्या माणसाला मी नंतर विचारलं, त्या बाईंना आत कसं सोडलं. तो म्हणाला, "त्या दुरुस्ती म्हणाल्या." पाहुण्यांची नावं तो दोन-दोनदा तपासत होता, तुला मात्र मागचं दार उघडून धरलं. तो शब्द मीच तुला दिला होता.

मागच्या खोलीत मुली अर्ध्या कपड्यांत पळत होत्या, कोणाचा बूट सापडत नव्हता, माझा आवाज बसला होता. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तू. कोणीतरी तुला दुरुस्तीवाली समजून निळा झगा तुझ्या मांडीवर टाकला होता आणि तू त्याची खालची पट्टी उसवत होतीस. आणि तुझ्या शेजारी तोच उभा होता, टोपीवाला मासिकवाला. त्याला 'पडद्यामागचं वातावरण' हवं होतं. मी कपड्यांच्या स्टँडमागे हँगर धरून उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. तो तुला म्हणाला, "बाई, तुम्ही यांच्याकडे खूप वर्षं आहात का? त्यांच्या आजींना तुम्ही बघितलं होतंत?"

तू त्याच्याकडे बघितलंस. मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. तू मला बघितलंस, आजी, नाही म्हणू नकोस. तुझ्या एका शब्दावर दुकानं, सिनेमा, सगळं होतं. आणि तू दुकान बंद असताना आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हलवतेस तशी मान हलवलीस. ओठ वाकडा. तो कंटाळून पुढे गेला.

मी वाट काढत तुझ्यापर्यंत आले तर स्टूल रिकामं. कोटाचा हँगर रिकामा. तो घालणारी मॉडेल नुसत्या बनियनवर कुडकुडत उभी. म्हणाली, "एक म्हातारी आली, म्हणाली सरक, माझा आहे." मी विचारलं, तू दिलास? ती म्हणाली, "त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तुम्ही पण दिला असता."

शिवाय निळ्या झग्याची पट्टी तू अर्धी उसवून तशीच सोडलीस. पोरगी एका बाजूने लोंबता काठ घेऊन चालून आली.

शेवटी संगीत थांबलं, सगळे दिवे मधोमध आले, आणि द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी रिकाम्या हातांनी बाहेर गेले. ठरवलेलं भाषण आठवेना. मग खरं तेच सांगितलं. म्हणाले, "आजी आली होती. कोट घेऊन गेली." दोन वाक्यं. मला वाटलं आता कोणीतरी विचारेल, कुठे गेली, कोणत्या रस्त्याने, बसने की चालत. कोणी विचारलं नाही. सगळे उभे राहिले. लोक रडत टाळ्या वाजवत होते. मासिकवाल्याने परत टोपी काढली.

सोबत कात्रण जोडलं आहे. बोट धरून वाच. 'दिवंगत आजी येऊन आपला कोट घेऊन गेली, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी. जो कोट आलाच नाही तोच या संध्याकाळचा सर्वोत्तम कपडा ठरला.' लोंबत्या काठावरही एक परिच्छेद आहे, तुटलेल्या नात्याचं प्रतीक म्हणून. दुकानवाले विचारत आहेत, तो न दिसलेला कोट कोणकोणत्या मापांत मिळेल. दुसरा सिनेमा मिळाला.

मी दुसऱ्या दिवशी मासिकवाल्याला फोन केला. सांगितलं, "माझी आजी जिवंत आहे." तो म्हणाला, "हो. तुमच्या प्रत्येक टाक्यात." आता तेही छापणार आहे. मी ओरडून सांगितलं की ती खरीच जिवंत आहे, तिचा पत्ता घ्या. तो म्हणाला, तुम्ही विश्रांती घ्या.

शब्द दिला होता, तो पाळला. त्याचं हे झालं. हस हवं तर.

पण मला एक सांग. त्या वेळी तुझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या. मी नीट बघत होते. टाचण्यांची उशी माझ्या मनगटाला बांधलेली होती आणि सगळ्या टाचण्या तीवर होत्या. तुझं तोंड रिकामं होतं. मग का बोलली नाहीस?

बॉबिन


रविवार, २० नोव्हेंबर

बॉबिन,

कात्रण वाचलं. आधी मेले होते, आता भूत झाले. म्हणजे बढतीच की. लाँड्रीवाल्याने ते काचेला चिकटवलंय आणि खाली बाण काढलाय, 'वरच्या मजल्यावर'. लोक भुताकडून चेन बदलून घ्यायला लांबून येतात. काल एक बाई मला हात लावून बघत होती. म्हटलं, कापड बघायचंय की बाई?

छापायचं आता राहू दे. तू सरळ बोललीस आणि त्यांना वाकडं ऐकू आलं, तर ते त्यांच्या कानांचं दुखणं. डॉक्टर वेगळा लागतो त्याला. पण त्या टोपीवाल्याला टोपी डोक्यावर ठेवायला सांग. दर वेळी कोणीतरी मरतं.

कोट घातलाय. तुझं रेशमी अस्तर उसवलं. आत हात घातला की सरकत होता, अंगावर बसत नव्हता, कोणीतरी दुसरंच घालून बसल्यासारखं. अस्तर या पार्सलात परत पाठवते. शिवण मात्र निघता निघेना, माझ्या कात्रीची धार गेली. एवढे बारीक टाके घालायची गरज नव्हती, आतून कोण बघतंय.

निळ्या झग्याची पट्टी पुरी करणार होते, पण तेवढ्यात कोट दिसला. पट्टी वाकडी होती म्हणून उसवली. त्या कोपऱ्यातून बाकीचे सगळे कपडे माझ्यासमोरून गेले. एकेक करून सगळे. पुढून पण बघितले, पाठीकडून पण बघितले. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

दुसऱ्या सिनेमात कोणाचं सोंग काढणार आहेस ते आधी कळव. माझं असेल तर टाचण्या घाल. नसेल तर ज्या कोणाचं असेल तिला आधी विचार, आणि तिला दाराजवळची खुर्ची दे, पहिल्या रांगेत मधोमध नको.

यायचं असेल तर रविवारी ये, बाकीच्या दिवशी मला काम असतं. खालची बेल बिघडली आहे. रस्त्यावरून हाक मार. मोठ्याने मार, 'आजी' म्हणून, आणि मी खिडकीत येईपर्यंत मारत राहा. गल्लीला एकदा ऐकू येऊ दे की वर कोणीतरी ओ देतंय.

तोंडाचं विचारलंस. टाचण्या होत्या. तुला दिसल्या नाहीत, त्यात नवीन काही नाही.

आजी